शंभरात सत्त्याण्णव

८ जानेवारी

कॉलेजने दोन वह्या दिल्या. निळी वही प्रयोगाच्या निरीक्षणांची. ती दर सोमवारी सर तपासणार. ही दुसरी 'कच्च्या नोंदींसाठी'. निळ्या वहीत मी तापमान लिहीन. इथे राग लिहिणार आहे, कारण तो कुठेतरी लिहिला नाही तर एखाद्या दिवशी मी कुणाच्या तरी डोक्यात कुंडी घालीन.

सुरुवात बाबांपासून. त्यांच्या ऑफिसातले एक काका घरी आले होते. मुलगी काय करते, असं त्यांनी साधं विचारलं. बाबा म्हणाले, "झाडांचं काहीतरी." चार वर्षं झाली, उद्यानविद्या हा शब्द बाबांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलेला नाही. काका बिचारे भले. यातून पुढे काय होता येतं, म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "माळी. म्हणजे हिच्या बाबतीत माळीण." दोघंही हसले. आईसुद्धा हसली, ते जास्त लागलं.

काकांना सांगायचं राहिलं ते इथे लिहिते. रोपवाटिका काढता येते. बियाण्यांच्या कंपनीत जाता येतं. हॉटेलांच्या, बंगल्यांच्या बागा आखून देता येतात. खेळाच्या मैदानांची हिरवळ राखणं हे वेगळंच शास्त्र आहे आणि ते येणारी माणसं शोधून सापडत नाहीत. फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, सरकारी परीक्षा आहेत, शिकवता येतं. आमच्या वर्गातले निम्मे फवारणीची औषधं विकायला जाणार आणि स्वतःला 'पीक सल्लागार' म्हणवून घेणार. मला यातलं काहीही नको. मला वनस्पती उद्यानाच्या रोपसंवर्धन विभागात जायचंय, जिथे दुर्मिळ झाडांची रोपं तयार करतात. आमच्या तुकडीतून एकच जण घेणार. तिथल्या संचालक बाई एप्रिलमध्ये स्वतः सगळ्यांचे प्रकल्प बघायला येणार आहेत. ती जागा मिळाली की मी बाबांना एकदाच समोर बसवून सांगणार, काहीतरी म्हणजे काय ते.

१२ जानेवारी

प्रकल्प ठरला. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या आवारात एक संत्र्याचं झाड आहे, पन्नासेक वर्षांचं. साल पातळ, गर गडद आणि बी अजिबात नाही. सरांनी सगळीकडे विचारून पाहिलं, या जातीचं दुसरं झाड कुणाकडेच नाही. बी नाही म्हणजे डोळे भरूनच रोपं करायची. झाडाची काडी आणायची, तिच्यावरचा एकेक डोळा सालीसकट काढायचा आणि जंबेरीच्या रोपाला चीर देऊन आत बसवायचा. जंबेरी म्हणजे रानटी लिंबू, आंबटढाण, पण मुळं चिवट. म्हणून खाली खुंट जंबेरीचा आणि वर आपल्याला हवी ती जात. बहुतेक सगळी संत्री अशीच दोन झाडांची मिळून बनलेली असतात.

घाई अशासाठी की १२ एप्रिलला ते झाड तोडणार. तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे. हॉस्पिटलच्या ऑफिसातला माणूस मला म्हणाला, बाजारात संत्री मिळतात की. त्याच्याशी मी सभ्यपणे बोलले याबद्दल मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं. त्याने माझ्या नावाचं पत्र दिलं. ते दाखवल्याशिवाय झाडाला कुणी हात लावायचा नाही.

झाडाखाली बाकावर तिथल्या जुन्या मेट्रन बाई बसल्या होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज येतात. तोंडाची चव गेलेल्या पेशंटना त्या तीस वर्षं याच झाडाच्या फोडी सोलून देत आल्या. झाड वाचवायला सहा अर्ज केले, सहाही फेटाळले गेले. मला म्हणाल्या, "झाड गेलं तरी चालेल, जात राहू दे. तेवढं कर." मी हो म्हटलं.

१७ जानेवारी

माळीकाका डोक्यात जातात. कॉलेजच्या रोपवाटिकेत तीस वर्षं आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि प्रत्येक गोष्टीत नाक. आज मला म्हणाले, सोमवारी पहाटे शिडी घेऊन येतो, मी चढतो, वरच्या उन्हातल्या काड्या काढून देतो, फळ लागलेल्या फांदीच्या. तू खाली गोणपाट ओलं करून उभी राहा.

म्हणजे प्रकल्प माझा आणि मी गोणपाट धरून उभी राहायचं. आणि हे सांगितलं वर्गातल्या सगळ्यांसमोर. मी म्हटलं, बघते.

१८ जानेवारी

एक दिवस आधीच जाऊन आले, एकटी. शिडी लागलीच नाही. बुंध्याभोवती कुणीतरी सिमेंटचं कडं बांधलंय, त्याच्या फटीतून पाच-सहा फुटवे सरळ वर गेलेत, बोटाएवढे जाड, हिरवेगार, एकेका फुटव्यावर वीस-वीस डोळे. वरच्या फांद्यांच्या काड्या त्यापुढे अगदीच मरतुकड्या. पुस्तकात लिहिलंय, काडी जोमदार निवडावी. काटे बरेच होते, हात ओरबाडले, पण जोमाच्या फुटव्याला काटे असतातच, तेही पुस्तकात आहे.

परत आल्यावर काकांनी विचारलं, काडी कुठून घेतलीस? मी म्हटलं, झाडावरून. उगाच चौकशा.

२१ जानेवारी

शंभर डोळे भरले, दोन दिवसांत. मान मोडली, अंगठा चिरला. काका लांबून बघत होते. शेवटी राहवलं नाहीच. चिरेवरची पट्टी जरा सैल बांध, म्हणाले. मी आणखी घट्ट बांधली.

१४ फेब्रुवारी

पट्ट्या सोडल्या. शंभरपैकी सत्त्याण्णव डोळे जिवंत! सरांना आम्ही 'टक्केवारी' म्हणतो, कारण ते 'कशी आहेस' सुद्धा टक्क्यांत विचारतील असं वाटतं. आज त्यांचा चेहरा बघायला हवा होता. कॉलेजात आजवर कुणाचे ऐंशीच्या वर गेले नव्हते, म्हणाले. लगेच कुणाकुणाला फोन लावले.

आणि काका काय म्हणाले? "शंभरात सत्त्याण्णव? एवढ्या म्हाताऱ्या झाडाच्या काडीचे?" शाबास नाही, काही नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय. तीस वर्षं डोळे भरतोय आणि एक पोरगी पहिल्याच फटक्यात पुढे गेली.

घरी आकडा सांगितला. बाबा म्हणाले, बारावीला मिळाले असते तर डॉक्टर झाली असतीस. मी ताटावरून उठले.

२० मार्च

रोपं वीतभर वर आलीत. अशी रसरशीत की येणारा-जाणारा थांबून बघतो.

आज रंगेहाथ पकडलं. काका माझ्या रोपाचं पान तोडून बोटांत चुरडत होते, मग नाकाशी नेलं. मग दुसऱ्या ओळीतलं तोडलं, मग शेवटच्या ओळीतलं. तीन पानं! माझ्या प्रकल्पाची! मी तिथेच ओरडले. सगळी रोपवाटिका वळून बघायला लागली. ही तुमची घरची तुळस नाही, हा प्रयोग आहे, प्रत्येक पानाची नोंद आहे, तुम्हाला नोंद म्हणजे काय ते तरी माहिती आहे का, असं बरंच बोलले. ते म्हणाले, "पोरी, जरा माझं ऐकून घे." मी नाही घेतलं. सरळ सरांकडे गेले.

सरांनी कागद टाइप करून माझ्या रोपांवरच्या मांडवाच्या खांबाला लावला. प्रकल्प-विद्यार्थिनीखेरीज कुणीही या रोपांना हात लावू नये, त्याविषयी सूचना करू नये. खाली सही आणि शिक्का. काकांना त्याखाली 'वाचले' म्हणून सही करायला लावली.

थोडं जास्तच झालं का? नाही. कुठेतरी थांबवायलाच हवं होतं. माझ्या जागी मुलगा असता तर त्यांनी अशी पानं तोडली नसती.

२ एप्रिल

इतक्या दिवसांनी काका आज समोर आले. मांडवाच्या बाहेर उभे राहिले, कागदाच्या अलीकडे. हॉस्पिटलचं ते पत्र दोन दिवस देतेस का, म्हणाले. कशाला, तर म्हणे झाड तोडायच्या आत एकदा जाऊन यायचंय.

मी काय दूधखुळी आहे? स्वतः काड्या आणणार, स्वतः डोळे भरणार आणि उद्या सांगत फिरणार की जात मी वाचवली. मी म्हटलं, पत्र माझ्या नावाचं आहे. ते वळले आणि गेले. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, माझी तयारी होती.

१२ एप्रिल

झाड तोडलं. रविवार बघून, गर्दी नको म्हणून. यंत्राच्या करवतीला चाळीस मिनिटं पुरली. फांद्या आणि मुळासकट उखडलेला बुंधा लगेच गाडीत भरून भुगा करायला नेला. मेट्रन बाई बाकावरून उठल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, बाई, सत्त्याण्णव आहेत. त्यांनी माझा हात घट्ट धरला. २६ तारखेला नव्या फाटकापाशी त्यांच्या हातून माझं एक रोप लावणार, पाटीसुद्धा करायला टाकलीय.

त्या करवतवाल्यांचा, ऑफिसातल्या माणसाचा, गाडीवाल्यांचा, सगळ्यांचा इतका संताप आला होता की रस्ताभर रडत आले. आठवण म्हणून शेंड्याची एक डहाळी उचलली. घरी येऊन वर्तमानपत्रात दाबून ठेवली, अहवालात चिकटवायला.

१४ एप्रिल

डहाळी घेऊन मांडवात गेले. अहवालात शेजारी-शेजारी फोटो हवेत, मातृवृक्षाचं पान आणि रोपाचं पान.

पानं जुळत नाहीत.

डहाळीच्या पानाची कड गुळगुळीत. माझ्या रोपाच्या पानाला बारीक दाते. डहाळीच्या देठाला छोटासा पंख, माझ्या रोपाचं देठ बोडकं. पन्नास रोपं बघितली. मग ते केलं, जे तीन महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. पान चुरडून वास घेतला. डहाळीचं पान दोन दिवस दाबून वाळलं होतं तरी संत्र्याचा वास होता. माझ्या रोपाच्या पानाला लिंबाचा.

कड्याच्या फटीतले ते फुटवे. खुंट आणि वरची जात जिथे जुळतात तो जोड त्या सिमेंटमध्ये बुजला होता आणि फुटवे त्याच्या खालून, खुंटावरून आले होते. खुंट जंबेरीचा. खुंटाचे फुटवे कसे ओळखावेत यावर मला तिसऱ्या वर्षी दहापैकी नऊ मार्क होते.

भुगा करतात तिथे धावत गेले. तिथे ढीग होता, भुग्याचा, वाफा निघत असलेला. माझ्या डहाळीवरचे सगळे डोळे वाळून काळे पडले होते. ओल्या फडक्यात ठेवली असती तर निदान सात-आठ डोळे मिळाले असते. मी ती दाबून ठेवली. अहवालात छान दिसावी म्हणून.

१५ एप्रिल

काका पाण्याची नळी धरून होते. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहिती होतं?

"पान चुरडलं तेव्हापासून. जंबेरीवर जंबेरी भरलीस तू. खुंटाच्या रोपांच्या त्या पिशव्या नुसत्या ठेवल्या असत्यास तरी एवढंच झालं असतं."

मी त्यांच्यावर तुटून पडले. मग बोलला का नाहीत, झाड उभं होतं तोवर बोलला का नाहीत, मला धडा शिकवायला एक जात मारलीत तुम्ही. त्यांनी नळी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"सूचना करू नये, असं लिहून माझी सही घेतली तुम्ही. तरी तुझ्याकडे पत्र मागितलं. नाही दिलंस. तरी गेलो पाच तारखेला, तसाच. फाटकावर अडवलं. दोन तास उभा होतो उन्हात, गोणपाट भिजवून. आणखी काय करायला हवं होतं मी? तुझ्या पाया पडायला हवं होतं?"

त्यांनी नळी उचलली आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

१९ एप्रिल

सोळा तारखेला सरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. मग शांतपणे समजावलं, तेच जास्त किळसवाणं होतं. फळ यायला चार वर्षं लागतात, तोवर तू उद्यानात कायम झालेली असशील. पानं चुरडत कुणी बसत नाही. अहवाल छापायला गेलाय. आणि तू बोललीस तर सत्त्याण्णव टक्के कॉलेजचे जातात, फक्त तुझे नाही.

मला राग आला, पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे मी 'विचार करते' म्हणाले. आणि खरंच केला. तीन दिवस केला.

२१ एप्रिल

संचालक बाई आल्या. लहानशा, पांढरे केस, पायांत चिखलाचे बूट. रोपांच्या ओळीतून फिरल्या. सर मागून टक्के सांगत होते. बाईंनी विचारलं, या प्रकल्पात सगळ्यात अवघड काय वाटलं?

मी सांगितलं. ही रोपं संत्र्याची नाहीत, जंबेरीची आहेत. काडी जोडाच्या खालून घेतली गेली. गेली नाही, मी घेतली. झाड तोडलंय. जात संपली.

सर खोकले. बाईंनी एक पान तोडून चुरडलं, वास घेतला आणि विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या माळीकाकांच्या. वीस मार्चला."

"आणि तुमच्या?"

"चौदा एप्रिलला."

त्यांनी दोन्ही तारखा लिहून घेतल्या. संध्याकाळी यादी लागली. जागा हिरवळीवर प्रकल्प केलेल्या मुलाला मिळाली. सर माझ्याशी बोलत नाहीत. बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नाही झालं. थोड्या वेळाने ते माझ्या खोलीच्या दारात पाण्याचा तांब्या ठेवून गेले. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

२४ एप्रिल

परवा रोप लावणार म्हणून आज मेट्रन बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीतून हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते. टेबलावर नवं कोरं खुरपं होतं, अजून लेबल न काढलेलं.

उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटत होतं, खरं सांगायला आलेय, नोकरीवर पाणी सोडून आलेय, तर बाई निदान बस म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. मला फाडून खाल्लं. एवढं सोपं काम होतं, म्हणाल्या. झाड समोर उभं होतं. तीन महिने उभं होतं. फळ कुठल्या फांदीला लागलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या एवढ्या मोठ्या कॉलेजात कुणालाच कळलं नाही? एकालाही?"

"कळलं होतं. माळीकाकांना. मी त्यांचं ऐकलं नाही. पत्रही दिलं नाही. तरी ते काड्या आणायला गेले होते तुमच्याकडे, पाच तारखेला. फाटकावरून परत पाठवलं त्यांना."

बाई खुर्चीवर बसल्या.

"रविवारी?"

"हो."

"चष्म्याला दोरा बांधलेला? हातात ओलं गोणपाट?"

मी हो म्हटलं.

"गार्ड सोडत होता त्याला," बाई म्हणाल्या. "मी बाकावरून उठून गेले फाटकापर्यंत. लोक फांद्या मोडून नेत होते शेवटी-शेवटी. म्हटलं, पत्र नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही. तो नीट काहीतरी सांगत होता मला. जोड आणि खुंट असं काहीतरी. दोन तास सांगत होता. मी पाठ फिरवून बसले."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. आम्ही दोघी तेच ऐकत राहिलो. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही.

मग त्यांनी विचारलं, "तू बोलली नसतीस तर हे कधी कळलं असतं?"

"फळ धरल्यावर. चार वर्षांनी."

"मी एक्क्याऐंशीची आहे," बाई म्हणाल्या. "मला कशाला सांगितलंस?"

त्यांनी खुरपं उचललं, त्याच्यावरचं लेबल नखाने सोलायला लागल्या, आणि मी निघाले तेव्हाही सोलतच होत्या.